भरलेल्या खाटा

"उशीचं तोंड दाराकडे नको," वानखडे मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः वाकून खाटेवरची उशी फिरवली. "आत येणाऱ्याला अभ्र्याची उघडी बाजू दिसता कामा नये. पहिल्या वर्षाला काय शिकवलं होतं?"

त्या उशीवर एक म्हातारा डोकं ठेवून पडला होता. उशी फिरवताना त्याचं डोकं गादीवर आपटलं. त्याने डोळे उघडले, मॅडमकडे पाहिलं आणि हात जोडले. मॅडम तोवर पुढच्या खाटेपाशी पोचल्या होत्या.

मी नर्सिंगच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्या दिवशी कॉलेजची तपासणी होती; आम्ही सगळे तिला इन्स्पेक्शनच म्हणायचो. कागदावर आमच्या कॉलेजला शंभर खाटांचं रुग्णालय होतं. प्रत्यक्षात पहिल्या मजल्यावर दोन मोठे हॉल होते आणि एरवी त्यांना कुलूप असायचं. प्रॅक्टिकलसाठी आम्हाला बसने जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेत, तेही डिझेल असेल त्या दिवशी. खाटा आदल्या आठवड्यात आल्या. गाद्या एका मांडववाल्याच्या होत्या. त्याच्या दुकानाचं नाव छापलेली बाजू खाली करून आम्ही त्यांवर पांढऱ्या चादरी ताणल्या आणि कोपरे पाकिटासारखे दुमडले. ते कोपरे मात्र अगदी पुस्तकातल्यासारखे जमले होते.

रुग्ण त्याच सकाळी टेम्पोतून आले, नदीकाठच्या वीटभट्ट्यांवरून.

आम्हाला हे ठाऊक होतं. दरवेळी असंच होतं, असं वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगून ठेवलं होतं. या लोकांना दिवसाची मजुरी मिळते, जेवण मिळतं, फुकटची झोप मिळते, असं आम्ही धरून चाललो होतो. माझी रूममेट नसीम पठाण हिच्याकडे सगळ्या खाटांचे तापाचे तक्ते भरायचं काम आलं होतं. तिने रात्री बसून सगळ्यांना सारखाच ताप, सारखीच नाडी आणि सारखंच बीपी देऊन टाकलं.

"वृषे, एवढे निरोगी आजारी साऱ्या महाराष्ट्रात सापडायचे नाहीत," ती म्हणाली होती.

मीही हसले होते.

खिडकीजवळची खाट माझी होती. तपासायला येणाऱ्या मॅडम एखाद्या मुलीला रुग्णावर काहीतरी करून दाखवायला सांगतात, म्हणून वानखडे मॅडमनी मला बीपी मोजून दाखवायला नेमलं होतं. पाऱ्याचं चालू यंत्र कॉलेजात एकच होतं आणि ते माझ्या ट्रेमध्ये होतं. खाटेला अडकवलेल्या कागदावर लिहिलं होतं: अपेंडिक्सचं ऑपरेशन, तिसरा दिवस.

खाटेवरची बाई विशीतली असेल. गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून, एका हाताने डोळे झाकून ती पडली होती. पायथ्याशी खाली फरशीवर तिची सासू बसली होती. मी नाव विचारलं तर सासूच म्हणाली, "द्वारका. माझं नाव कौसाबाई."

पाहुणे यायला अवकाश होता. एकदा सराव करून घ्यावा म्हणून मी द्वारकाच्या दंडाला पट्टा बांधला, पारा चढवला, स्टेथोस्कोप लावून झडप सैल केली आणि ठोके ऐकू येऊ लागताच पाऱ्याकडे पाहिलं. एकशे सत्तर. ठोके बंद झाले एकशे सोळावर.

मी मान्य केलं नाही. आकडा आला की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, मग हातावर, मग स्वतःच्या कानांवर, ही माझी सवय होती. मी दुसऱ्या दंडावर मोजलं. मग नसीमला बोलावून तिचं मोजलं. तिचं व्यवस्थित होतं. पुन्हा द्वारकाचं मोजलं.

"डोकं दुखतं का?" मी विचारलं.

"चार दिस झालं. लई ठणकतंय." तिने डोळ्यांवरचा हात काढला नाही. "उजेडाकडं बघवंना. समोर काजवे चमकल्यावानी होतंय."

मी ब्लँकेट बाजूला केलं. अपेंडिक्सचा तिसरा दिवस असलेल्या त्या बाईला सात महिने पूर्ण होऊन गेले होते. पायांवर सूज होती. घोट्याच्या वर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"डॉक्टर कवा येणार हायत बाई?" कौसाबाईने विचारलं. "सकाळधरनं वाट बघतोय. गर्दी हाय, पर आमचा लंबर तेवढा आदी लावा. हिला बरं वाटंना म्हणूनच आणली."

"तुम्हाला काय सांगून आणलंय, मावशी?"

"शिबिर हाय म्हणून. मोठ्या दवाखान्याचं फुकट शिबिर. दिवसभर निजवून, तपासून, औषध देऊन पाठवणार म्हणला टेम्पोवाला." तिने हॉलभर हात फिरवला. "समदे त्येच्यासाठीच आल्यात. खाडा करून."

मी हॉलकडे पाहिलं. ज्यांना मी सकाळपासून भाड्याची माणसं समजत होते, ती गळ्यापर्यंत ब्लँकेट घेऊन, दाराकडे डोळे लावून पडली होती. कुणी हलत नव्हतं, कुणी तक्रार करत नव्हतं. डॉक्टर आल्यावर आपण नीट पडलेले दिसावं, म्हणून. मघाच्या म्हाताऱ्याने हात का जोडले होते ते मला तेव्हा कळलं.

द्वारकाला मी खालच्या संडासात नेऊन आणलं आणि येताना परीक्षानळीत तिची लघवी घेतली. प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा लावला, नळीचा वरचा भाग तापवला, ॲसिटिक ॲसिडचे थेंब सोडले. ही अगदी जुनी, पहिल्या वर्षाला शिकवतात ती चाचणी आहे. द्रव गढूळ झाला तर लघवीवाटे प्रथिनं जात आहेत असं समजायचं. माझ्या नळीत अंड्याचा पांढरा बलक शिजावा तसा साका धरला.

नळी हातात धरूनच मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. आमचे मोबाईल सकाळीच गोळा करून त्यांच्या कपाटात ठेवले होते, कुणी फोटो काढू नयेत म्हणून. नाहीतर मी आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला असता.

खोलीत वानखडे मॅडमबरोबर संस्थेचे सचिव होते. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं. भिंतीवर नर्सिंगच्या इतिहासाचा नवा तक्ता लागला होता: मठातल्या जोगिणी, मग युद्धातल्या दवाखान्यात दिवा घेऊन फिरणारी बाई, मग टोपीतल्या नर्सेस, आणि शेवटी आमच्या कॉलेजची इमारत. त्या दिवेवाल्या बाईने दिवा हातात घेतला तेवढाच सगळ्यांना आठवतो. मला ती आवडायची ती तिने मोजलं म्हणून. जखमांनी किती सैनिक मेले आणि दवाखान्यातल्या घाणीने किती, याचा हिशेब तिने सरकारच्या तोंडावर मारला होता. तक्त्यात तो कुठे नव्हता.

मी बीपी सांगितलं. नळी दाखवली. वानखडे मॅडमनी ती उजेडात धरली. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला, आजही कुणाला शपथेवर सांगेन.

"डोळ्यांसमोर चमकतं म्हणते?" त्यांनी विचारलं.

"हो. कधीही झटके येतील, मॅडम. आत्ता पाठवायला हवं."

त्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ पानाची डबी उघडत होते.

"काल ही बाई कुठं होती?" भाऊंनी मला विचारलं. आवाज अगदी मऊ होता. "भट्टीवर. विटा उचलत होती. काल आला झटका? नाही. आज पंख्याखाली गादीवर पडलीय. म्हणजे आपण तिचं भलंच केलं की वाईट, तूच सांग."

"तिला तपासायचं म्हणून आणलंय."

"तपासू की. मॅडमची गाडी फाट्यावर आलीय. त्यांचा राउंड होऊ दे, जेवणं होऊ देत, मग पाठवू. एक खाट रिकामी दिसली तर साठ मुलींचं वर्ष जातं. तुझंही." त्यांनी डबी मिटली. "दहावीपासूनची तुझी ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसात आहेत ना? चांगली जपून ठेवलीत आम्ही."

मी मॅडमकडे वळले. "तुम्ही लेबर रूममध्ये काम केलंय."

"म्हणून तर सांगते, दोन तास काही होणार नाही," त्या म्हणाल्या. हे कुणालाही सांगता येत नाही, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. "गायधनी, केसवर जा. खिडकीचा पडदा ओढ. बडबड करू नकोस."

नळी त्यांनी खिडकीतून बाहेर रिकामी केली.

मी वर गेले. पडदा ओढला. द्वारकाला डाव्या कुशीवर वळवलं, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला. कौसाबाईला सांगितलं की डॉक्टर येताहेत. दुसरं काय सांगणार होते? वानखडे मॅडमना लाथ मारून खुर्चीतून उठवावं आणि त्या भाऊला या गादीवर निजवावं, असं मला वाटत होतं.

तपासणीला आलेल्या साळवी मॅडम उंच, कृश, सुती साडीतल्या होत्या. सरकारी दवाखान्यांत सगळी नोकरी करून निवृत्त झालेल्या. खांद्याला उलटं घड्याळ टाचलेलं, जुन्या सिस्टर लावायच्या तसं. त्या फारसं बोलत नव्हत्या. खाटेच्या गजावरून बोट फिरवत, मुलींना एखादा प्रश्न विचारत पुढे येत होत्या. मागे वानखडे मॅडम, त्यांच्या मागे भाऊ. रुग्ण एकामागून एक हात जोडत होते. म्हाताऱ्याने तर उठून बसायचा प्रयत्न केला आणि एका मुलीने त्याला खांदे धरून पुन्हा आडवं केलं.

माझ्या खाटेपाशी त्या थांबल्या. कागद वाचला. "या पेशंटचं सांग."

अपेंडिक्सचं पाठ केलेलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. वानखडे मॅडम माझ्याकडे रोखून पाहत होत्या.

"नाव द्वारका," मी म्हणाले. "आठवा महिना चालू आहे. बीपी एकशे सत्तर, एकशे सोळा. तीनदा मोजलंय, दोन्ही हातांवर. पायांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकतं. लघवीत भरपूर प्रथिनं आहेत. ती मी तासाभरापूर्वी प्राचार्यांना दाखवली."



"कागदांची अदलाबदल झाली असेल," वानखडे मॅडम म्हणाल्या.

"पोरी घाबरतात हो," भाऊ हसले. "पहिलीच वेळ आहे तिची."

साळवी मॅडमनी माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतला. खाटेच्या कडेला बसून त्यांनी स्वतः बीपी मोजलं. मग ब्लँकेट उचललं, पोटावर हात ठेवला, पाय दाबून पाहिला. ब्लँकेट परत घालताना त्यांनी मान वळवून पलीकडच्या खाटेकडे पाहिलं. तिच्या पलीकडच्याही. सगळ्या खाटांवरून नजर फिरवून झाल्यावर त्या उठल्या. त्यांना काय दिसलं हे विचारायची गरज कुणालाच नव्हती.

"ॲम्ब्युलन्स काढा," त्या म्हणाल्या.

पोर्चमध्ये ॲम्ब्युलन्स होती, ताजा लाल क्रॉस रंगवलेली. तिला बॅटरी नव्हती. हे शिपायाने सांगितलं, कारण ते सांगायला दुसरं कुणी पुढे येईना.

"माझ्या गाडीत घाला. ही मुलगी बरोबर जाईल."

गाडीत कौसाबाई पुढे बसली. मागे द्वारकाचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड डावीकडे. रस्ता खराब होता आणि ड्रायव्हर बिचारा प्रत्येक खड्ड्याला माफी मागत होता. द्वारकाने एकदा विचारलं, "तपासून झालं का?" मी म्हटलं, "झालं. आता औषधाला चाललोय." जिल्ह्याच्या गावाच्या वेशीवर, कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीपाशी, तिचा चेहरा एका बाजूला ओढला गेला आणि सगळं अंग ताठ होऊन उडू लागलं. पुस्तकात झटक्याचं वर्णन चार ओळींत आहे. मी तिला कुशीवर धरून ठेवलं, तोंडातला फेस पुसत राहिले, तिच्या दातांत काहीही घातलं नाही. कौसाबाई पुढून हात मागे टाकून तिचे पाय शोधत होती. "माय, माय" एवढंच म्हणत होती.

सरकारी दवाखान्याच्या प्रसूती विभागातल्या सिस्टरने एका दृष्टिक्षेपात ओळखलं. माझ्या गणवेशाकडे पाहून विचारलं, "कोणत्या कॉलेजची?" मी नाव सांगितलं तसं तिने नाक मुरडलं. "त्या रिकाम्या दवाखान्यातली? मग मॅग्नेशियमची इंजेक्शनं फोडता येतात का, की तीही कागदावरच?" मी फोडत गेले, ती भरत गेली. दोन्ही कुल्ल्यांत खोलवर इंजेक्शनं दिली. डॉक्टर आले, सलाईन लागलं, झटके थांबले. दुपारी ऑपरेशन करून मूल काढलं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. द्वारका शुद्धीवर नव्हती, पण बीपी उतरू लागलं होतं. वाचेल, असं सिस्टर म्हणाली. बहुतेक दोघीही.

उन्हं उतरताना साळवी मॅडम आल्या. भाऊंच्या गाडीने त्यांना आणून सोडलं होतं. स्वतःची गाडी इथून घेऊन त्या पुढे जाणार होत्या. त्यांनी आत जाऊन द्वारकाला पाहिलं, नाडी धरली, सिस्टरशी हळू बोलल्या. मग व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"चांगलं केलंस," त्या म्हणाल्या.

"रिपोर्टमध्ये काय लिहिलंत?" मी विचारलं. असं विचारण्याची माझी पायरी नव्हती.

"विद्यार्थिनी जागरूक आहेत. अत्यवस्थ रुग्णाला ताबडतोब पुढे पाठवण्याची सोय आहे."

क्षणभर मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मॅडम, तिथे दवाखानाच नाही."

"मला दिसतं गं." त्या कठड्याला टेकल्या. "खरं लिहिलं तर पुढच्या महिन्यात दुसऱ्याला पाठवतील. तो जेवून सही करेल. माझं नाव यादीतून जाईल, एवढाच फरक. आणि बंद पडलंच, तर तुम्ही साठजणी कुठे जाणार? तीन वर्षं वाया. निदान तुझ्यासारखी एखादी तयार होते तिथून."

"तिथून नाही. तिथे असूनसुद्धा," मी म्हणाले. "आज मी गप्प बसले असते तर ती त्या खाटेवर मेली असती, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये तिसऱ्या दिवशीचं अपेंडिक्स म्हणून जिवंत राहिली असती."

पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या जागा वाढल्या. त्या रिपोर्टमधली ती दोन वाक्यं भाऊंनी माहितीपत्रकात छापली. पण तेव्हा हे पुढचं मला कुठे ठाऊक होतं? तेव्हा मी फक्त साळवी मॅडमच्या खांद्यावरच्या त्या घड्याळाकडे पाहत होते आणि ते ओढून काढावंसं मला वाटत होतं.

तेवढ्यात काचेच्या पेटीपाशी उभी असलेली कौसाबाई व्हरांड्यात आली. साळवी मॅडमना पाहताच तिने वाकून त्यांचे पाय धरले. मॅडम मागे सरकल्या.

"मोठ्या डॉक्टरीणबाई, तुमी शिबिर भरवलं म्हणून जगली माझी सून," कौसाबाई म्हणाली. "न्हाईतर भट्टीवरच गेली असती."

साळवी मॅडमनी तिला उठवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या आभार स्वीकारत होत्या. दिवसभरात मला इतका राग कशाचाच आला नव्हता.

"मावशी, ते शिबिर नव्हतं," मी म्हणाले.

"गायधनी," साळवी मॅडम हळूच म्हणाल्या.

"तिथे डॉक्टर येणारच नव्हते. या बाईंना खाटा भरलेल्या दिसाव्यात, म्हणून तुम्हाला आणून निजवलं होतं."

कौसाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती ओरडली नाही, रडलीही नाही. पदराने तोंड पुसलं.

"म्हंजी आमाला कुणी तपासणार न्हवतं?"

उत्तर मला द्यायचं नव्हतं. मी साळवी मॅडमकडे पाहत राहिले, आणि शेवटी त्यांनाच म्हणावं लागलं, "नाही."

"आन् बाकीचे?" कौसाबाई म्हणाली. "त्यो धोंडिबा म्हातारा रगत थुकतोय म्हणून आलाय. आमच्या शेजारची पोरगी तापानं फणफणलीय. ते आजून तितंच पडून हायत का, वाट बघत?"

मी साळवी मॅडमपुढे हात केला आणि त्यांचा फोन मागितला. त्यांनी निमूटपणे दिला. नसीमचा नंबर मला पाठ होता.

"अगं कुठे आहेस? कशी आहे ती?" नसीम म्हणाली. "आम्हाला आत्ताच मोबाईल परत दिले. इथे भाऊ खुशीत आहेत, पेढे आलेत."

"टेम्पो गेला का?"

"नाही. लोक जेवताहेत. डॉक्टर कधी येणार म्हणून मला विचारताहेत, मी काय सांगू त्यांना?"

"टेम्पो जाऊ देऊ नकोस. चाकाखाली बस हवं तर. सगळ्या मुलींना बोलाव. धोंडिबा नावाचे आजोबा आहेत, त्यांना खिडकीपाशी वेगळं ठेव, तोंडाला रुमाल द्या. ताप, नाडी, बीपी, प्रत्येकाचं खरं मोज. मी आणि साळवी मॅडम निघतोय."

मी मॅडमकडे पाहिलं नाही. गाडीचं दार उघडल्याचा आवाज मात्र ऐकला.

"अगं, पण इन्स्पेक्शन संपलं ना," नसीम म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "आता पेशंट तपासायचेत."